बोगद्यांची लांबी आणि अण्वस्त्रांची संख्या : एका विद्यार्थी-संशोधनाची चिकित्सा

परराष्ट्र धोरणावरील विद्यार्थ्यांचे संशोधन बहुधा प्रकल्पाच्या गुणांपुरतेच उरते. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात झालेला चीनच्या भूमिगत बोगद्यांवरील अभ्यास मात्र थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचला. त्यामुळे त्याची चिकित्सा अगत्याची ठरते.

पेंटॅगॉनमध्ये पूर्वी काम केलेले प्रा. फिलिप कार्बर यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले. २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर त्या भागात किरणोत्सर्गतज्ज्ञ धाडले गेल्याच्या बातम्या हे त्याचे निमित्त. पुढील तीन वर्षे विद्यार्थ्यांनी चिनी लष्करी नियतकालिके, उपग्रहचित्रे, ब्लॉग, इतकेच नव्हे तर क्षेपणास्त्रदलावरील दूरचित्रवाणी मालिकाही धुंडाळली आणि ३६३ पृष्ठांचा अभ्यास सिद्ध झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याची वार्ता दिली, तेव्हा तो प्रसिद्धही झालेला नव्हता, तरी त्यावर सुनावणी होऊन गेली होती. समीक्षणापूर्वीच प्रभाव, असा हा उलटा क्रम होय.

चिनी भाषेतील एवढी सामग्री जमविणे, अनुवादणे व तिची जुळणी करणे हे विद्यार्थ्यांचे श्रेय निर्विवाद आहे. दोष आहे तो अनुमानात. बोगद्यांचे जाळे सुमारे ५,००० कि.मी. असल्याचे चिनी माध्यमांनीच २००९ मध्ये सांगितले होते. त्यावरून व वाढत्या क्षेपणास्त्रांवरून चीनकडे ३,००० पर्यंत अण्वस्त्रे असू शकतील, असे कार्बर यांनी सुचविले. त्या वेळचे स्वतंत्र तज्ज्ञांचे अंदाज मात्र काही शेंच्या घरातील होते.

वस्तुतः बोगदा हे संख्येचे माप नव्हे. प्रथम वापर न करण्याचे धोरण चीनने १९६४ मध्येच जाहीर केले. असे राष्ट्र पहिला आघात सोसून प्रत्युत्तर देण्यासाठी आपली मोजकी अस्त्रे लपविते. म्हणजे लांब बोगदे हे लहान साठ्याचेही लक्षण असू शकते. शिवाय चीनचे लष्करी प्लुटोनियम-उत्पादन १९९० च्या सुमारास थांबले असे मानले जाते आणि तेवढ्या साठ्यातून ३,००० अस्त्रे घडत नाहीत. ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’चे ग्रेगरी कुलॅकी यांनी मोठ्या आकड्यांचा माग काढला, तो १९९५ च्या इंटरनेटवरील एका मजकुरापाशी येऊन थांबला. ब्लॉगवरून ब्लॉगवर उतरलेला आकडा अनेक साधनांनी पुष्ट झाल्याचा आभास निर्माण करतो. साधनांची ही वंशावळ तपासणे पदवीच्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षिणे कठोर होईल. ते मार्गदर्शकाचे काम होते.

परिणाम मात्र कागदावर राहिला नाही. २०१३ या वित्तीय वर्षाच्या संरक्षण अधिकार कायद्यात या बोगद्यांविषयी आणि पारंपरिक व आण्विक बळाने ते निकामी करण्याच्या क्षमतेविषयी अहवाल मागविण्याचे कलम समाविष्ट झाले.

यानंतर चीनचा साठा खरोखरच वाढला. तथापि डिसेंबर २०२४ च्या पेंटॅगॉन अहवालानेही तो ६०० च्या वरच, अर्थात त्या आकड्याच्या पंचमांशाच्या आसपास, धरला आहे. या वाढीचा ठळक पुरावा जून २०२१ मध्ये मॉन्टेरे येथील मिडलबरी संस्थेच्या संशोधकांनी पुढे आणला. त्यांची साधनेही खुलीच होती. युमेनजवळच्या वाळवंटातील व्यापारी उपग्रहचित्रांत क्षेपणास्त्रांची ११९ भुयारी कोठारे बांधली जात असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांत किती क्षेपणास्त्रे येतील याचा निर्णय त्यांनी खुला ठेवला. ती कोठारे कोणासही पुन्हा मोजता येत होती, आणि इतर अभ्यासकांनी ती मोजलीही.