शतपत्रें आणि त्यांच्या तारखा

मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत सन १८४८ पासून १८५० पर्यंत ‘लोकहितवादी’ या नांवानें गोपाळ हरि देशमुख यांचीं जीं पत्रें आलीं, त्यांस शतपत्रें म्हणतात. संख्येनें तीं १०८ आहेत. मराठींतील उदारमतवादाचा आरंभ या पत्रांपासून धरण्याची वहिवाट सर्वस्वी अयथार्थ नाहीं. ग्रंथप्रामाण्य, वर्णाभिमान व विद्येविषयींची अनास्था यांवर इतका निर्भीड प्रहार तत्पूर्वीं क्वचितच झाला असेल. मात्र हा निर्भीडपणा घरापुरता आहे. इंग्रजी अंमल हा ईश्वरानें योजिलेला पंतोजी, अशी लेखकाची भावना. विशी-पंचविशींतला, सरकारी नोकरींतला हा गृहस्थ लिहीत होता त्याच अवधींत सातारचें राज्य खालसा झालें आणि १८४९ त पंजाबही गेला. या घटनांबरोबर पत्रांचा सूर पालटला कीं नाहीं, हा आमच्या मतें मुख्य प्रश्न होय. आणि विषयवारीनें लावलेले संग्रह नेमका तोच झांकून टाकतात.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमालें’त लोकहितवादींवर झोड उठविली खरी, पण ‘निबंधमाला’ निघाली १८७४ त, आणि मध्यें सत्तावन्न सालचें बंड होऊन गेलें होतें. त्या टीकेंत आवेश फार, कालविवेक थोडा.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, ‘प्रभाकरा’चे जुने अंक हातीं आल्यास त्यांतून पत्रेंच तेवढीं कापून ठेवूं नयेत. भाऊ महाजनांनीं त्याच अंकांत छापिलेलें राजकीय वर्तमान हेंच त्या पत्रांवरील समकालीन भाष्य आहे.