कावाई आणि करुणा : जपानी अ‍ॅनिमेशनपटांतील गोंडसपणाचा पुनर्विचार

जपानी दृश्यसंस्कृतीच्या चर्चेत 'कावाई' ही संज्ञा आता अपरिहार्य ठरली आहे. गोंडस, लोभस, लडिवाळ असे मराठी पर्याय तिला सुचवता येतात. परंतु त्यांपैकी एकही तिचा पूर्वेतिहास सांगत नाही. 'कावायुशी' या जुन्या रूपाचा अर्थ संकोचाने चेहरा तापणे असा होता. पुढे दयनीय, आणि कालांतराने जीव लावावासा वाटणारा, अशी अर्थांतरे होत गेली. आजच्या जपानीतही 'कावाईसो' म्हणजे 'बिचारा'. गोंडसपणाच्या पोटात करुणा आहे, ही गोष्ट भाषेने जपून ठेवली. समीक्षेने मात्र तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

या संदर्भात चित्रकार ताकाशी मुराकामी यांची मांडणी सर्वाधिक प्रभावी ठरली. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनाचे नाव 'लिटल बॉय' होते. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचेही तेच नाव. युद्धात पराभूत होऊन अमेरिकेच्या छत्राखाली वाढलेले राष्ट्र प्रौढ होऊ शकले नाही, आणि कावाई हे त्या खुंटलेल्या वाढीचे लक्षण होय, असा या मांडणीचा आशय. मांडणी आकर्षक आहे. किंबहुना गरजेपेक्षा जास्त आकर्षक आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने लहानग्या, नाजूक वस्तूंच्या मोहकतेची यादी केली, तेव्हा कोणताही पराभव झालेला नव्हता. १९७० च्या दशकात शाळकरी मुलींनी गोलसर, चित्रमय अक्षरांचे वळण रूढ केले आणि काही शाळांनी त्यावर बंदी घातली. शॅरन किन्सेला यांनी १९९५ च्या लेखात या अक्षरवळणाची दखल घेतली आहे. मुलींनी स्वतः घडवलेल्या या शैलीला राष्ट्राच्या मनोविकाराचे लक्षण मानणे म्हणजे त्यांचे कर्तेपण नाकारणे होय.

मुराकामींच्या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र १६ एप्रिल १९८८ या दिवशी लागते. त्या दिवशी स्टुडिओ घिब्लीचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले : हायाओ मियाझाकी यांचा 'तोनारी नो तोतोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'होतारु नो हाका', अर्थात काजव्यांची कबर. पहिल्यातील मेई चार वर्षांची, दुसऱ्यातील सेत्सुकोही चार वर्षांची. दोघींचे गोल चेहरे, आखूड हातपाय, अडखळती चाल कावाईच्या संकेतांत चपखल बसतात. परंतु सेत्सुको १९४५ च्या कोबेमध्ये उपासमारीने मरते. अंगावर पुरळ उठलेली ही मुलगी शेवटी काचेच्या चकत्या गोळ्या समजून चघळते. येथे गोंडसपणा पराभव झाकत नाही. पराभव त्याच चेहऱ्यावर लिहिला जातो. कावाई आणि कावाईसो यांतील अंतर इतके कमी क्वचितच झाले असेल.

'तोतोरो'मध्ये युद्ध नाही, पण आजारी आई रुग्णालयात आहे, आणि तळ्यात सापडलेली एक लहान चप्पल साऱ्या गावाचा श्वास रोखते. चित्रपटाचे मर्म बसथांब्याच्या दृश्यात आहे. पाऊस पडत असतो. झोपलेल्या मेईला पाठीवर घेऊन सात्सुकी वडिलांची वाट पाहत उभी असते. छत्रीच्या कडेखालून तिला आधी दिसतो तो केसाळ, नखे असलेला पाय. नजर वर जाते तेव्हा डोक्यावर पान ठेवलेला प्रचंड प्राणी शेजारी उभा! तो बोलत नाही, धीर देत नाही. ती छत्री पुढे करते, आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो हरखून जातो. त्याचा जबडा प्रचंड आहे, दात ठसठशीत आहेत; क्षणभर तो गिळून टाकील असे वाटते. ही भीती वगळली तर उरलेला जिव्हाळा केवळ साखरपाक ठरेल.

१९७४ मध्ये सॅनरिओसाठी युको शिमिझू यांनी रेखाटलेल्या हॅलो किटीला तोंडच नाही; पाहणाऱ्याने आपला भाव तिच्यावर आरोपित करावा. बाजारपेठेला हेच सोयीचे आहे, आणि कावाईवरील बहुतेक टीका याच चेहऱ्यावरून सिद्ध केली जाते. तोतोरो पुढे स्टुडिओच्या बोधचिन्हात गेला, खेळण्यांच्या दुकानांतही गेला. तेथे त्याची नखे मऊ कापडाची असतात.