पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि निहाली भाषक मूल

अध्यापनात यंत्रसाधनांचा उपयोग करण्याविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात साधन किती शाळांपर्यंत पोहोचले हा प्रश्न अग्रभागी असतो. ते साधन मुलाशी कोणत्या भाषेत बोलते हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातील काही गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. तिच्या भाषकांची संख्या सुमारे २,००० ते २,५०० सांगितली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. कायपर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या तौलनिक अभ्यासात कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांशी जुळणारे शब्द वेगळे काढल्यावरही सुमारे चतुर्थांश शब्द असे उरले की, ज्यांचे मूळ दाखविता येत नाही. या भाषेला स्वतःची लिपी नाही.

२०१७ साली 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाचा आरंभ झाला आणि पुढे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. मोबाइलने कोड टिपला की धड्याची चित्रफीत समोर येते. ज्याच्या घरी मराठी बोलली जाते, त्या मुलास तिचा लाभ होतो हे मान्य करावयास हवे. परंतु पहिलीत आलेल्या निहाली भाषक मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर पानावर जे कळले नाही तेच पुन्हा त्याच प्रमाण मराठीत कानी पडते. साधन बदलले तरी अडचण तीच राहते.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या वृत्तांतानुसार, मुलांची भाषा कन्नड असल्यामुळे त्यांनी प्रथम ती आत्मसात केली, पाठ्यपुस्तके तिच्यात आणली आणि मग त्यांना क्यूआर कोडाची जोड दिली. अनुकरण झाले ते या क्रमातील अखेरच्या पायरीचे. पहिली पायरी मात्र विस्मरणात गेली.

वास्तविक ध्वनिमुद्रणाचे खरे सामर्थ्य अलिखित भाषेच्या ठायीच प्रत्ययास यावे. छापील पुस्तकास लिपी लागते, वर्णलेखनाचे नियम लागतात; ध्वनीस यांपैकी काहीच लागत नाही. अंकांचाच पाठ घ्या. निहालीतील दोन ते चार या संख्यांची नावे द्राविडी भाषांशी साम्य दाखवितात, तर पाचापासूनची आर्य भाषांशी. वस्तीतील एखाद्या आजीने मोजलेले अंक मुलाने प्रथम ऐकावेत, त्यापाठोपाठ मराठी अंक ऐकावेत, आणि पाचापासून पुढचे आपल्या ओळखीचे कसे हे त्याने स्वतःच शोधून काढावे. अशा पाठास मोबाइलहून अधिक साधन लागत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निहाली भाषक कोरकू, मराठी वा हिंदी जाणतातच. प्रौढांविषयी हे खरे आहे. पण प्रौढाचे बहुभाषिकत्व सहा वर्षांच्या मुलाच्या ठिकाणी गृहीत धरता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये, तसेच २०२० च्या शैक्षणिक धोरणात, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा जो आग्रह आहे, तो अशाच मुलासाठी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परक्यास कळू नये म्हणूनही ही भाषा वापरली जाते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. तेव्हा मुद्रण कोणी करावे, ते कोठे ठेवावे आणि कोणी ऐकावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या समाजाचाच होय. संमतीवाचून केलेला संग्रह सर्वांसाठी खुला करणे उचित नव्हे.

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे कार्यक्षेत्र आहे. आजवर आपण या भाषेतून शब्द गोळा करून नेले. आता ते वर्गात परत कसे न्यावयाचे याचा विचार शिक्षकांसह बसून करावयास हवा. चित्रफितींची संख्या वाढविण्यापूर्वी हे काम होणे अगत्याचे आहे.