गोदामाची किल्ली

नोव्हायोलेट बुलावायोच्या 'वी नीड न्यू नेम्स' (२०१३) या कादंबरीची सुरुवात पेरूचोरीने होते. दहा वर्षांची डार्लिंग आणि तिची टोळी राहते 'पॅरडाइज' नावाच्या पत्र्यांच्या वस्तीत. पेरू आहेत पलीकडच्या श्रीमंत 'बुडापेस्ट'मध्ये. तिथे लंडनहून आलेली एक बाई पोरांदेखत हातातलं खाणं अर्धवट टाकून देते आणि वर त्यांचे फोटो काढते. परतताना झाडाला लटकलेलं एका बाईचं प्रेत दिसतं. पोरं घाबरून पळतात, आणि मग मागे वळतात. बुटं नवीकोरी आहेत, विकली तर पाव येईल. भुकेवर मी बरंच काही वाचलंय, पण पावाचा हा हिशोब काही केल्या डोक्यातून जात नाही.

देशाचं नाव कादंबरीत कुठेच नाही, पण हा रॉबर्ट मुगाबेंचा झिम्बाब्वे आहे हे लपतही नाही. वस्तीवर आलेले बुलडोझर २००५च्या 'ऑपरेशन मुरम्बात्सविना'चे. त्यात सुमारे सात लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. पुढे निवडणूक येते, भिंतींवर बदलाची पोस्टरं लागतात, मोठी माणसं हरखून जातात. पोरांना त्याचं फारसं काही नाही. त्यांना मतही नाही आणि पोटात पेरूखेरीज काही नाही.

माझी तक्रार इथे सुरू होते. या कादंबरीत भूक दुष्काळासारखी येते, वरून पडल्यासारखी. प्रत्यक्षात तिथल्या भुकेला एक किल्ली होती आणि ती कुणाच्या खिशात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे साड्झा, हे तिथलं रोजचं जेवण. मक्याचा व्यापार सरकारी ग्रेन मार्केटिंग बोर्डाच्या हातात. विरोधी पक्षाचा असल्याचा संशय असलेल्यांना या बोर्डाचा मका नाकारला जातो, असं ह्यूमन राइट्स वॉचने २००३ मध्येच नोंदवलं होतं. पक्षाचं कार्ड दाखवा, पोतं घ्या.

२००८ मध्ये हे अगदी उघड झालं. २९ मार्चला मतदान झालं. या वेळी प्रत्येक केंद्राबाहेर तिथला निकाल लावायचा होता, त्यामुळे आकडे गुपचूप फिरवणं अवघड होतं. तरी अध्यक्षपदाचा निकाल महिनाभर अडवून ठेवला. शेवटी मॉर्गन त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२ टक्के. दुसरी फेरी २७ जूनला ठरली. ४ जूनला सरकारने मदतसंस्थांचं गावोगावचं काम थांबवलं. कारण दिलं की त्या विरोधकांचा प्रचार करतात. आता खायला देणारा एकच उरला. मारहाण आणि खून चालू होतेच. त्स्वांगिराईंनी माघार घेतली, आणि मुगाबे ८५ टक्क्यांवर मतं घेऊन 'जिंकले'.

प्रचार इथेच भुकेला येऊन चिकटतो. सरकारी रेडिओ सांगणार की तुमच्या उपासमारीला ब्रिटन जबाबदार, निर्बंध जबाबदार. २००५ची निवडणूक तर पक्षाने सरळ टोनी ब्लेअरविरुद्धच लढवली. आणि पक्षाच्या हातून मिळालेलं पोतं सांगणार की तुम्हाला जगवतोय तो आम्हीच. भरल्या पोटाचा माणूस रेडिओवर हसू शकतो. रांगेत उभ्या असलेल्याला मान डोलवावी लागते, आणि रोज डोलवली की तिची सवय होते.

दहा वर्षांच्या मुलीला गोदामाचं राजकारण कसं कळणार, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. ज्या पोरांना मेलेल्या बाईच्या बुटांची किंमत पावात मोजता येते, त्यांना कुणाच्या घरी पोतं येतं आणि कुणाच्या घरी येत नाही हे पहिल्यांदा कळलं असतं. मदतसंस्थेचा ट्रक बुलावायो किती बारकाईने टिपते! पोरांचं गाणं, हावरेपणा, फाटक्या कपड्यांचे फोटो काढणारा कॅमेरावाला, सगळं. दात्यांवरचा तिचा राग खरा आहे. पण बाहेरच्या दात्याची इतकी उलटतपासणी आणि घरच्या साठेबाजाला एकही प्रश्न नाही, हे खटकतं. इंग्रजी वाचकाला स्वतःबद्दल लाज वाटून घ्यायला आवडतं, त्याचाही यात हात असावा. (ही माझी शंका, पुरावा नाही.)

'ग्लोरी' (२०२२) मध्ये ती ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते. तिथे सगळी पात्रं प्राणी, आणि म्हाताऱ्या घोड्याची सत्ता इतकी की सूर्यसुद्धा त्याच्या हुकमातला. निवडणुका मुक्त, न्याय्य आणि विश्वासार्ह असल्याचा घोष इतक्या वेळा येतो की शब्दांचा चोथा होतो. तरीही दोन्हींपैकी एकच वाचायची तर मी पहिलीच हातात देईन, ती बॉर्नफ्रीच्या दफनाच्या प्रकरणासाठी. हा पोस्टरं लावणारा कार्यकर्ता मारला जातो. दफन उरकल्यावर पोरं कबरीपाशी त्याच्या खुनाचाच खेळ मांडतात. मारेकरी तीच होतात, आरोळ्या त्यांना तोंडपाठ असतात. शूटिंगला आलेला बीबीसीचा माणूस विचारतो, हा कुठला खेळ?