विकास, तारण आणि मुक्ती

पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांच्या विकासाची जबाबदारी सांगितली. चारच वर्षांनी पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी ‘मुक्तीचे धर्मशास्त्र’ या ग्रंथात ‘विकास’ हा शब्दच अपुरा ठरवला. काही देशांच्या समृद्धीतूनच इतरांची गरिबी घडते; तेव्हा नुसत्या मदतीने भागणार नाही, हा त्यांचा मुद्दा.

ग्रंथ इंग्रजीतून वाचताना मी अडलो तो शब्दांपाशी. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी ‘तारण’ म्हणतात. ‘मुक्ती’ला तर मोक्षाचा वास. शोषणातून सुटका आणि तारण यांची फारकत गुतिएरेस यांना मान्य नाही. ही गाठ सुटली, की ग्रंथ एक तर प्रवचन वाटतो, नाहीतर जाहीरनामा. १९८४ साली व्हॅटिकनने मार्क्सवादी विश्लेषण उसने घेण्याविरुद्ध इशारा दिला, तेव्हा जाहीरनामाच अधिक वाचला गेला, असे मला वाटते.

उणीव आहेच. ग्रंथातला ‘गरीब’ बहुधा एक वर्ग असतो. त्यातली बाई पुसट राहते. १९८८च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वंश आणि स्त्रिया यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे आणला.

भौतिक गरिबीला त्यांनी पुण्य मानले नाही; गरिबांच्या बाजूने उभे राहण्यासाठी पत्करलेल्या गरिबीला मात्र मोल दिले. दरवर्षी देणगीची पावती घेऊन मोकळा होणाऱ्या माझ्यासारख्याला हा भेद अडचणीत टाकतो. म्हणूनच ग्रंथ आजही वाचण्याजोगा आहे.