घोषणा आणि कोटी

मराठी विनोदाची चर्चा निघाली की आपले टीकाकार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून आरंभ करतात, गडकऱ्यांच्या बाळकरामाला नमस्कार करतात, चिमणरावांपाशी क्षणभर विसावतात आणि अत्र्यांचे नाव आले की आवाज चढवतात. ही वाट वहिवाटीची आहे आणि चांगलीही आहे. परंतु जो विनोद कोठे छापला जात नाही, ज्याच्या कर्त्याचे नाव कोणास ठाऊक नसते आणि जो निवडणुकीच्या हंगामात चार मित्रांच्या खिशातल्या यंत्रावर दिवसातून दहादा उगवतो व मावळतो, त्याच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. जात्यावरच्या ओव्यांवर आणि लग्नातल्या उखाण्यांवर प्रबंध होतात. मग या बिचाऱ्या संदेशांनीच काय घोडे मारले आहे?

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रकार विशेष बहरतो. मोठ्या शहरात माणसे मोटारीच्या काचा वर करून प्रचारापासून सुटका करून घेतात. येथे प्रचाराचा कर्णा आणि चहाची टपरी यांत चार हातांचेही अंतर नसते. टपरीवर बसलेले मित्र सगळे एका पक्षाचे असतील तर शपथ! एक कांद्याच्या लिलावासाठी आलेला, दुसरा आश्रमशाळेवरचा मास्तर, तिसरा सप्तशृंगगडाच्या वाटेवर प्रसादाचे दुकान चालविणारा. बोलणे निम्मे मराठी, निम्मे अहिराणी. घोषणा मात्र मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कारखान्यातून घडून आलेली, कडक इस्त्रीची. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने 1900 साली हास्यावरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, सजीवावर यंत्राचे कवच चढलेले दिसले की हसू येते. घोषणा हे असेच यंत्र आहे. ती एकदा म्हटली तर विचार असते, शंभरदा म्हटली की भोंगा होते. आणि भोंग्याला उत्तर म्हणून मित्राच्या तोंडून कोटी निघते.

या कलेचे तंत्र साधे आहे: घोषणेचा साचा जसाच्या तसा ठेवावा आणि त्यातला एकच दगड बदलावा. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ असा सवाल भिंतीभिंतीवर लावला. वाक्य म्हणून ते झकास होते. ‘माझा’ हा शब्द शेवटी टाकल्याने त्याला नाटकातल्या स्वगताचा डौल आला होता. पण ज्या वाक्यात एवढा डौल असतो त्यातच घसरण्याची जागाही असते. लगेच घरोघरी कोणाचा चष्मा हरवला, कोणाचा डबा हरवला. या कोट्या गमतीच्या खऱ्या, परंतु हलक्या. ‘कुठे नेऊन ठेवलाय भाव कांद्याचा?’ असे कांदा पिकविणारा म्हणतो तेव्हा मात्र प्रकार वेगळा होतो. येथे हसणारा आणि नागवला गेलेला माणूस एकच आहे. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती मे 2024 च्या आरंभी, या भागातल्या मतदानाला अवघे दोन आठवडे उरले असता, उठली. या पाच महिन्यांत गिरणेच्या खोऱ्यात ती जुनी कोटी कोणी केली असेल तर तिला विनोद म्हणावे की तक्रारअर्ज, याचा निकाल वाचकांनीच करावा. शिवाय तिच्यात एक खोच आहे. ज्याने जाब विचारण्यासाठी वाक्य घडवले, त्यालाच त्या वाक्याने जाब विचारला गेला.

आता संदेशांच्या छंदाविषयी थोडे. मोबाईलचा पहिला लघुसंदेश इंग्रजी लिपीत 160 अक्षरांचा असे. देवनागरीत लिहावयाचे तर 70 अक्षरांतच आटोपावे लागे. म्हणजे मराठीला निम्म्याहून कमी जागा! म्हणून 2004 च्या निवडणुकीत, जेव्हा प्रचाराने प्रथमच या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर आश्रय घेतला, तेव्हा मित्रांची मराठीही इंग्रजी अक्षरांचा सदरा घालून हिंडू लागली. त्या लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो. समोरच्याने ‘मत’ लिहिले आहे की ‘मात’, हे वाचणाऱ्याने आपल्या पक्षाप्रमाणे ठरवावे! जुन्या कवींना श्लेष साधण्यासाठी रात्री जागवाव्या लागत. येथे तो लिपीच्या गरिबीतून फुकट मिळाला.

श्लेषाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. कळवण ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते तेथे 20 मे 2024 रोजी जे घडले ते अलंकारशास्त्राच्या पुस्तकात घालण्याजोगे आहे. शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे यांची निशाणी ‘तुतारी वाजवणारा माणूस’. आणि बाबू भगरे या अपक्ष उमेदवाराची निशाणी नुसती तुतारी. आडनाव एक, वाद्याचे नाव एक. निकाल लागला तेव्हा भास्कर भगरे लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. परंतु अपक्ष भगऱ्यांनाही एक लाखावर मते पडली होती. ‘तुतारी सापडली, माणूस राहून गेला’ यासारखी कोटी अशा वेळी कोणाला सुचली तर ती प्रतिभेची करामत नव्हे. मतपत्रिकेनेच ती रचून ठेवली होती. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. प्रचारात ‘तुतारी’ एवढाच शब्द घुमतो, आणि घुमलेला शब्द हातात धरून मतदार यंत्रापुढे उभा राहतो. शब्द अपुरा पडला तर लाख माणसांचे मत कोठे गेले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. शब्दांचा काटेकोरपणा हा केवळ पंडितांचा हट्ट नव्हे, हे यापरता चांगला दाखला मला तरी मिळालेला नाही.

याच्या उलट प्रवास जून 2022 मध्ये झाला. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून आपल्या कार्यकर्त्याशी टेलिफोनवर बोलत होते. झाडी, डोंगार आणि ‘हाटील’ यांचे ते वर्णन बाहेर फुटले आणि महाराष्ट्रभर झाले. तेथे घोषणा घडविण्याचा कोणाचाच इरादा नव्हता. दोन ओळखीच्या माणसांचे बोलणे, माणदेशी ठसक्याचे, क्रियापदाची गरज नसलेले. निसर्गापासून निघून खानावळीपाशी थांबणारे! वर्णनाचा हा उतार कोणा कसलेल्या विनोदी लेखकाला मुद्दाम साधावयाचा म्हटला तरी साधला नसता. त्याची विडंबने शेकड्यांनी झाली आणि बहुतेक फिकी पडली, कारण मुळातच जे हसत होते त्याला आणखी काय हसविणार? 2024 मध्ये शहाजीबापू निवडणूक हरले. वाक्य अजून हरलेले नाही.

‘मी पुन्हा येईन’ या वाक्याची कथा आणखी निराळी. देवेंद्र फडणवीसांनी ते 2019 साली उच्चारले. त्या नोव्हेंबरात तीन-चार दिवसांचे मुख्यमंत्रिपद संपले आणि विरोधकांनी ते वाक्य उचलून त्याचा चेंडू केला. पुढे 2022 साली ते उपमुख्यमंत्री झाले आणि 5 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा मुख्यमंत्री. मग तोच चेंडू त्यांच्या समर्थकांनी उचलला. राजकीय कोटीला स्वतःचा पक्ष नसतो, ती सत्तेबरोबर कूस बदलते, हे येथे उघड झाले. टपरीवर मात्र या वाक्याचे भाषांतर केव्हाच होऊन गेले: चहाचे पैसे देण्याची वेळ आली की एकजण ‘मी परत येसू, भो!’ म्हणून उठतो आणि थेट दुसऱ्या दिवशी उगवतो. मला ही कोटी सर्वांत सरस वाटते. तिच्यात कोणाचा पाणउतारा नाही आणि हसणारे सारे त्या माणसाला ओळखतात.

कारण खरी अडचण येथेच आहे. अलीकडे निम्म्या कोट्या मित्राने केलेल्या नसतात. त्या आलेल्या असतात. कोठल्याशा प्रचारकचेरीत पगारी माणूस त्या पाडतो आणि मित्र फक्त पुढे ढकलतो. अशा कोटीत कोणाची जात असते, कोणाचे रूप, कोणाच्या बोलीची टिंगल. ती वाचून दुसरा मित्र दुखावतो, आणि ज्याने पाठविली त्याला त्याबद्दल बोलताही येत नाही, कारण ती त्याची नसतेच. मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास कर्णे कायद्याने बंद होतात, यांना तेवढाही विसावा नाही. एकेकाळी बैलजोडीवाल्यांनी दिव्याच्या निशाणीला ‘यात तेलच नाही’ असे चिडविले आणि दिवेवाल्यांनी ‘बैल पळाले’ म्हणून परतफेड केली. त्या भांडणातही कोणाच्या घराला हात घातला नव्हता. ज्या गटात वीस वर्षांचे शाळासोबती आहेत त्यातून एखादा न बोलता निघून जातो, तेव्हा तो वादामुळे गेला असे म्हणतात. पुष्कळदा तो परक्याच्या विनोदामुळे गेलेला असतो.

चांगल्या कोट्या कोणी जपून ठेवत नाही, याचे मात्र वाईट वाटते. जुन्या यंत्रात मोजकेच संदेश मावत; नवा यावा म्हणून जुना पुसावा लागे. ओव्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तरी राहिल्या. यंदा फराळाला जमलेल्या मंडळींपैकी एखाद्याने वहीचे एक पान काढून, गेल्या तीन-चार निवडणुकांतले जे जे आठवेल ते ते लिहून काढावे. करणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही पुढे घालावे.