सदारंगाच्या चिजा व पाठशुद्धीचा प्रश्न

चिजांच्या हस्तलिखित वह्या जमविण्याचा आपल्यापैकीं कित्येकांस नाद आहे, व तो स्तुत्यच आहे. परंतु जुनें पान हातीं आलें कीं तेंच मूळ, आणि गवयाच्या तोंडचें तें अपभ्रष्ट, ही आपली समजूत सदारंगाच्या बाबतींत टिकत नाहीं. हें मला फार उशिरां कळलें.

नियामतखान ऊर्फ सदारंग हा महंमदशहाच्या (१७१९–१७४८) दरबारचा बीनकार. १७३७ सालीं बाजीरावसाहेब दिल्लीच्या वेशीशीं जाऊन आले. १७३९ सालीं नादिरशहानें तें शहर लुटलें. बादशाही पुढें सांवरली नाहीं, पण त्या दरबारांतले ख्याल अद्याप गायिले जातात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणली, तिजबरोबर तेही आले. पुढें पं. भातखंडे यांनीं क्रमिक पुस्तकमालिकेंत स्वरलिपीसह ते छापले.

येथें कर्जतेस शेजारची एक मुलगी परीक्षेकरितां सदारंगाची मुद्रा असलेला एक विलंबित ख्याल बसवीत होती. तिच्या पाठांत एक क्रियापद छापील पुस्तकाहून निराळें आलें. मी पडलों संस्कृताचा शिक्षक. तिच्या वहींत तांबड्या पेन्सिलीनें तें तत्काळ ‘शुद्ध’ केलें. तिनें निमूटपणें माझा पाठ म्हणून दाखविला, तों समेवरचें दीर्घ अक्षर ऱ्हस्व झालें आणि आवाजास टेकावयास जागाच उरेना! तिच्या गुरुपरंपरेनें तो शब्द अज्ञानानें बदललेला नव्हता. समेसाठीं बदलला होता.

महाभारताच्या पोथ्या ताडून पाहतांना नक्कलकाराची चूक शोधावयाची असते. येथें नक्कल करणारा स्वतःच गवई असतो. शिवाय भातखंड्यांनीं पुष्कळशा चिजा घराणेदार गवयांच्या तोंडूनच उतरून घेतल्या. म्हणजे छापील पाठ तरी एका तोंडचाच पाठ. (मुद्रेचीही तीच गत: नंतरच्या रचनांतूनही सदारंगाचें नांव घातलेलें आढळतें.)

ख्यालाचे शब्द ते किती? स्थायी व अंतरा मिळून चार-दोन ओळी. बाकीचें अर्ध्या तासाचें गाणें गाणाऱ्यानें भरावयाचें. कर्जतहून मुंबईस जाणाऱ्या लोकलमध्यें आज एखादा तरुण मोबाइलवर हाच ख्याल ऐकतो, तेव्हां त्याला जुनें कांहीं ऐकत असल्याचा भासही होत नाहीं, तो यामुळेंच.

यासाठीं वही नोंदतांना केवळ मालकाचें नांव व शक देऊन थांबूं नये. चीज कोणाकडून घेतली, ताल कोणता, सम कोणत्या अक्षरावर, हेंही लिहावें. त्या मुलीच्या वहींतली माझी तांबडी खूण मीच दुसऱ्या दिवशीं जाऊन खोडून आलों.